पहिला खिळा कुठे ठोकू?

पत्राचा सारांश: चौदा वर्षं भाड्याच्या घरांत काढून या ताई आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या घरात आल्या. आधीच्या घरांत भिंतीला खिळा मारायची मुभा नव्हती. आता कुणाला विचारायला नको, तरी हॉलची भिंत कोरीच आहे आणि येणारा-जाणारा ‘भिंती अगदी मोकळ्या वाटतात’ असं म्हणून जातो. यजमानांनी सोफ्याच्या रंगाला साजेसा, सोनेरी पानांचा तीन फ्रेमचा सेट ऑनलाइन निवडून ठेवला आहे. नणंदेनं नव्या घरासाठी जाड सोनेरी चौकटीतलं मोठं निसर्गचित्र दिलंय. ते पलंगामागे टेकवून ठेवलंय आणि व्हिडिओ कॉलवर दर वेळी त्याची चौकशी होते. ताईंना यातलं काहीच मनापासून आवडलेलं नाही, पण ‘मला चित्रांतलं काही कळत नाही, मग नको तरी कुठल्या तोंडानं म्हणू?’ असं त्या विचारतात. जाता जाता लिहितात की, एका जपानी लाटेच्या चित्राचं पोस्टकार्ड नऊ वर्षांपासून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. निळा रंग अजून तसाच आहे. ‘पण एवढंसं पोस्टकार्ड काय हॉलमध्ये लावणार?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं मुद्द्याचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय. आधी सेट, चौकट, सोफा, नणंद, आणि मग ते पोस्टकार्ड. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिथेच थांबले. स्वतःला चित्रांतलं काही कळत नाही म्हणणारी बाई नऊ वर्षं रोज सकाळी कपाट उघडताना एकच चित्र बघते. टेप सुकून कोपरा सुटला की पुन्हा चिकटवते. घरं बदलताना कितीतरी वस्तू टाकून दिल्या असतील, हे टाकलं नाही. ताई, तुमचं पहिलं चित्र निवडून झालेलं आहे. बाहेरच्या भिंती घरमालकाच्या होत्या, म्हणून तुम्ही ते कपाटाच्या आत लावलंत.

चौदा वर्षांची सवय अंगात मुरते. ‘खिळा मारायचा नाही’ हे इतकी वर्षं ऐकल्यावर स्वतःच्या भिंतीपुढेही हात थबकतो. या थबकण्याला तुम्ही ‘मला आवडनिवड नाही’ असं नाव दिलंत. ते मला पटत नाही.

एक करून बघा. डोळे मिटा आणि त्या पोस्टकार्डात काय काय आहे ते आठवा. लाटेच्या टोकाला वाकलेल्या नखांसारखा फेस, खाली हेलकावणाऱ्या तीन होड्या, होड्यांत पाठ वाकवून धरून बसलेली माणसं, आणि दूर मागे, लाटेपुढे इवलासा दिसणारा बर्फाचा डोंगर. यातलं बरंचसं तुम्हाला आठवेल याची मला खात्री आहे. आता नणंदेनं दिलेलं चित्र आठवा. पत्रात तुम्ही त्याचं वर्णन ‘नदी, झाडं वगैरे’ असं केलंय. त्या ‘वगैरे’मध्ये तुमचं उत्तर आहे. चित्र कुणाचं, कुठल्या शैलीतलं, रंग तेलाचे की पाण्याचे, ही माहिती नंतर मिळवता येते आणि मिळवली की बघण्यात भर पडते, हे खरंच. पण रोज नजर कुठे जाऊन टेकते ते दुसरं कुणी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्हाला ते नऊ वर्षांपासून ठाऊक आहे.

आता ‘एवढंसं’ या शब्दाबद्दल. ते चित्र होकुसाई या जपानी चित्रकाराचं, साधारण १८३१ सालचं. लाकडी ठशांवरून कागदावर छापलेलं. त्याच्या हजारो प्रती निघाल्या आणि त्या साध्या माणसांनी विकत घेतल्या. म्हणजे ज्याला आपण मूळ चित्र म्हणतो तेच मुळात छापील आहे. त्याचा आकारही सुमारे २६ बाय ३८ सेंटिमीटरच, ए-थ्री कागदापेक्षा लहान. एवढा खवळलेला समुद्र तेवढ्याशा कागदात मावलाय, आणि संग्रहालयात माणसं तो जवळ जाऊन, मान पुढे करून बघतात. लहान चित्राला फक्त जागा योग्य लागते. हॉलच्या मोठ्या भिंतीवर, दहा फुटांवरून, पोस्टकार्ड हरवून जाईल. पण जिथे आपण हातभर अंतरावरून रोज जातो तिथे ते शोभेल: खोलीच्या दाराशेजारची अरुंद भिंत, पॅसेज, लिहायच्या टेबलाची बाजू. पोस्टकार्ड साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचं असतं. त्याच्या भोवती चारही बाजूंनी आठेक सेंटिमीटरचं पांढरट माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, ठेवा, खालच्या बाजूला एखादा सेंटिमीटर जास्त. बाहेरची चौकट काळी किंवा लाकडी, बोटाएवढ्याच रुंदीची. फ्रेम जवळजवळ फूटभर होईल आणि मधल्या मोकळ्या जागेमुळे नजर आपोआप आत जाईल.

तेच चित्र मोठं हवं असेल तर तीही सोय आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं २०१८ पासून, कॉपीराइट संपलेल्या हजारो चित्रांच्या मोठ्या फाइल सर्वांना मोफत वापरायला खुल्या केल्या आहेत. ही लाट दोन्हीकडे आहे. फाइल उतरवून चांगल्या जाड, आम्लमुक्त कागदावर छापून घ्या. छापण्याआधी एक हिशेब करायचा. जवळून बघायच्या चित्राला इंचाला ३०० ठिपके, म्हणजे पिक्सेल, लागतात, दोन-तीन मीटरवरून बघायच्या चित्राला १५० पुरतात. ४००० बाय ३००० पिक्सेलची फाइल ३०० नं छापली तर साधारण ३४ बाय २५ सेंटिमीटरची होते, १५० नं छापली तर ६८ बाय ५१. स्वतः काढलेले फोटो मोठे करून लावणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका. पाठवताना तो लहान होतो आणि मोठा छापला की फुटतो. मूळ फाइल मागून घ्या.

हयात चित्रकारांचं काम मात्र इंटरनेटवरून उतरवून छापू नये. ते त्यांच्याकडूनच घ्यावं. मर्यादित प्रतींच्या छापावर खाली पेन्सिलीनं १२/५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नास प्रतींतली ही बारावी. आवडलेल्या चित्रकाराला सरळ पत्र लिहून ‘तुमचं लहान काही आहे का’ म्हणून विचारलंत तर सहसा आनंदानं उत्तर येतं. चित्रं विकत घ्यायचं धाडस होत नाही अशा सगळ्यांना मी हे सांगते.

मोकळ्या भिंतीचा तुम्ही फार धसका घेतलाय. १९११ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लूव्रमधून मोनालिसा चोरीला गेली. संग्रहालय पुन्हा उघडल्यावर माणसं रांगेनं आली, भिंतीवरची ती नुसती रिकामी जागा बघायला. तिथे काय होतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून ती जागा त्यांना रिकामी दिसली. तुमच्या भिंतीवर काय असायला हवं हे पाहुण्यांना कुठून ठाऊक असणार? मोकळी भिंत दिसली की काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलतात आणि घरी जाऊन विसरतात. तुम्ही मात्र त्या बोलण्यामुळे आठ महिने भिंतीकडे अपराध्यासारखं बघताय. आणखी वर्षभर ती तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. एखादी भिंत कायमची कोरी ठेवावीशी वाटली तरी ठेवा.

यजमानांच्या सेटबद्दल मी जरा जपून लिहिते, कारण त्यांची बाजू पत्रात फारशी आलेली नाही. त्यांनाही ही भिंत चौदा वर्षांनी मिळालीय. कुणीतरी पुढाकार घेतल्याशिवाय काही होणार नाही असं वाटून त्यांनी निवडायचं काम उरकलं असावं. तेव्हा ‘मला आवडत नाही’ असं म्हणून विषय संपवू नका. त्यांना विचारा, यातलं काय आवडलं? सोनेरी रंग, पानं, की तीन फ्रेम एका ओळीत लागलेल्या दिसतात ते? उत्तर ‘सोफ्याला मॅच होतं’ एवढंच आलं, तर सोफा कधीतरी बदलणारच आहे हे त्यांच्याही लक्षात येईल. पण ‘पानं आवडली’ असं आलं, तर दोघांनी मिळून झाडापानांची चित्रं शोधा. जुन्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांसाठी काढलेली रेखाटनं फार देखणी असतात आणि त्यातली कित्येक कॉपीराइटमुक्त आहेत. ओळीत तीन लावायची त्यांची हौस त्यातूनही भागेल.

आणि सेट घ्यायचाच झाला तर ऑर्डर देण्याआधी त्याचा फोटो साध्या कागदावर छापून दोन आठवडे भिंतीवर चिकटवा. घरात काहीही टांगायचं असेल तर हीच परीक्षा घ्या. पहिले तीन दिवस सगळंच छान दिसतं. दहाव्या दिवशी जाता-येता त्याच्याकडे लक्ष जातंय का, ते बघायचं. तुम्हा दोघांपैकी एकाचं जरी जात असेल, तर त्याला घरात जागा आहे. मात्र ती हॉलमध्येच असायला हवी असं नाही.

आता नणंदबाई. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओझं या चित्राचं आहे. त्या चौकशी करतात ती चित्राची, पण त्यांना कळून घ्यायचं असतं ते आपण दिलेलं पोचलं का, तुमच्या नव्या घरात आपलं काही आहे का, हे. आठ महिने ‘लावतो, लावतो’ ऐकून त्यांना उत्तर बहुधा समजलेलंही असेल. तेव्हा पुढच्या कॉलची वाट बघू नका, आपणहून फोन करा.

फोन करण्याआधी मात्र ते चित्र पलंगामागून काढून एकदा नीट बघा. तुम्हाला चित्र आवडत नाही की चौकट? पत्रात चित्राबद्दल तीन शब्द आहेत आणि चौकटीच्या नक्षीबद्दल दोन ओळी. जाड सोनेरी चौकट हा त्या-त्या काळाच्या चवीचा भाग आहे. १८७० च्या दशकात देगा आणि पिसारो या चित्रकारांनी पॅरिसमधल्या आपल्या प्रदर्शनांत मुद्दाम साध्या, पांढऱ्या चौकटी वापरल्या, कारण सोनेरी नक्षीत त्यांच्या चित्रांचे रंग दबत होते. तुमच्याही चित्राचं तसं होत असेल. एक जुना पांढरा पंचा किंवा कागदाच्या पट्ट्या घेऊन ती चौकट चारही बाजूंनी झाका आणि दोन पावलं मागे या. नदी बरी वाटली, तर नणंदेला सांगा, ‘चित्र आमच्या खोलीत लावतेय, फक्त आमच्या भिंतीला शोभेल अशी हलकी फ्रेम करून घेऊ का?’ हे विचारून करा, न विचारता नको. चौकट त्यांनी हौसेनं निवडलेली असू शकते.

झाकूनही चित्र आवडलं नाही, तर ते पाहुण्यांच्या खोलीत लावा आणि तसं सांगा. ‘तुम्ही आलात की तुमच्या खोलीत तुमचं चित्र’ हे तुम्ही मनापासून म्हणू शकाल. हॉलमध्ये मात्र धाकानं लावू नका. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तुम्हाला नणंदेचा राग येऊ लागेल, आणि त्या बिचारीनं तर प्रेमानं भेट दिली होती.

चित्र ठरलं की उजेड बघायचा. तुम्ही लिहिलंय, पोस्टकार्डाचा निळा अजून तसाच आहे. ताई, तो टिकला कारण कपाट आतून अंधारं असतं. आमच्या जुन्या घरात जलरंगातलं एक समुद्राचं चित्र वीसेक वर्षं खिडकीसमोर होतं. आम्ही सगळे ते राखाडी चित्र म्हणूनच ओळखत होतो. एकदा काच तडकली म्हणून फ्रेमवाल्याकडे नेलं. त्यानं मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला आणि माउंट अलगद बाजूला केलं. माउंटच्या खाली झाकलेल्या भागात, चारही कडांना, नखाएवढ्या रुंदीची गडद निळी पट्टी होती. ओल्या शाईसारखी निळी. आतला सगळा समुद्र उडून गेला होता आणि आम्हाला कुणालाच पत्ता लागला नव्हता. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं तेव्हा भिंती फिकट जांभळ्या असल्याचं भावाला पत्रात लिहिलं होतं. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल रंग उडाला आणि निळा मागे राहिला.

म्हणून कागदावरचं चित्र, फोटो, मुलांची रेखाटनं यांना थेट ऊन लागू देऊ नका. संग्रहालयात कागदावरच्या नाजूक कामांना साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच मंद उजेड ठेवतात. भर उन्हात तोच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. अतिनील किरण अडवणारी काच मिळते आणि ती जरूर घ्यावी, पण डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो, त्यामुळे काच लावली म्हणून खिडकीसमोर टांगायला मोकळे झालो असं होत नाही. खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत कागदाच्या चित्रांना बरी, कारण तिच्यावर ऊन सरळ पडत नाही. लाडकं चित्र असेल तर वर्षातले काही महिने उतरवून अंधारात विसावू द्या, त्या जागी दुसरं लावा. उडालेला रंग परत येत नाही.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लमुक्त हवा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं आणि तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडतो. चित्र काचेला टेकता कामा नये, माउंटमुळे मध्ये जी फट राहते ती हवीच, नाहीतर हवेतला ओलावा काचेवर जमून कागद चिकटतो आणि बुरशी धरतो. आणि चित्र पाठीमागून गोंदानं पूर्ण चिकटवायचं नाही. ते वरच्या कडेला कागदी पट्ट्यांनी टांगायचं, कारण हवा बदलते तसा कागद थोडा प्रसरण पावतो, थोडा आकसतो. सगळीकडून जखडला की त्याला लाटा येतात. सेलोटेप तर नकोच. ओल येणाऱ्या किंवा पोपडे सुटणाऱ्या भिंतीवर काहीही लावू नका. चांगल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या बारीक टिकल्या लावल्या की मागून हवा खेळती राहते.

उंचीबाबत बहुतेक घरांत एकच चूक होते: चित्रं फार वर लागतात. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवायची पद्धत आहे. समजा फ्रेम ६० सेंटिमीटर उंच आहे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली येते. तर १४५ अधिक ३० वजा ८, म्हणजे खिळा १६७ वर. सोफ्याच्या वर लावताना मात्र हा आकडा विसरा. तिथे पाठीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर सोडून फ्रेमची खालची कड आली पाहिजे, आणि चित्राची किंवा चित्रसमूहाची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. एकापेक्षा जास्त फ्रेम असतील तर मधलं अंतर पाच ते आठ सेंटिमीटर, सगळीकडे सारखं. वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाचं कापून भिंतीवर चिकटवा, दोन दिवस खालीवर करून बघा, आणि मगच पेन्सिलीची खूण करा.

खूण झाली की एक नजर स्विचबोर्डकडे टाका. त्याच्या सरळ वर, खाली किंवा रेषेत बाजूला छिद्र पाडू नका, आतून वायर गेलेली असते. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत जड फ्रेमला नुसता खिळा पुरत नाही, ड्रिल करून प्लग आणि स्क्रू लावा. एकाऐवजी दोन हुक लावले की फ्रेम सारखी तिरकी होत नाही. पलंगाच्या उशाशी काचेची जड फ्रेम नकोच, तिथे ॲक्रिलिक किंवा हलका कॅनव्हास बरा. जे वाचक अजून भाड्याच्या घरात आहेत त्यांनी चित्रांसाठी थांबून राहू नये. कपाटावर, टेबलावर, पुस्तकांच्या फळीवर फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली तरी ती छान दिसते, आणि तिथे ती बदलतही राहता येते.

तुमचा पहिला खिळा पोस्टकार्डासाठी ठोका, ताई, खोलीच्या दाराशेजारी, जिथे ऊन येत नाही तिथे. हॉलचं पुढे सावकाश बघा. कार्ड कपाटावरून काढताना टेप खसकन ओढू नका, छापाचा थर टेपबरोबर येईल. हेअर ड्रायर मंद ठेवून टेप जराशी कोमट करा, मग तिचं टोक कार्डाला जवळजवळ समांतर धरून हळूहळू मागे घ्या. एखादा कोपरा सुटलाच नाही तर टेप तशीच राहू द्या, कडेनं कापून घ्या, ती माउंटखाली झाकली जाईल. मग कार्ड दोन दिवस जाड पुस्तकात दाबून ठेवा आणि फ्रेमवाल्याकडे न्या.